जवानाच्या चित्रातला गणवेश त्याच्या काळाचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रजासत्ताक दिन जवळ आला की नागपुरात भिंती रंगायला लागतात. शाळांची कुंपणे, उड्डाणपुलांचे खांब, चौकातले फलक, जिकडे पाहावे तिकडे तिरंगा आणि जवान. यंदा आमच्या भागातल्या एका शाळेच्या भिंतीवर चार जवान रंगवले आहेत आणि प्रत्येकाच्या पायाशी साल लिहिले आहे : १९६२, १९६५, १९७१, १९९९. रंगवणाऱ्याचा हात चांगला आहे. चेहऱ्यांवर छायाप्रकाश नेमका पडला आहे, डोळ्यांत जीव आहे. पण चौघांच्या अंगावर गणवेश एकच, आणि तोही १५ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत लष्कर दिनाच्या संचलनात पहिल्यांदा लोकांपुढे आलेला, बारीक चौकोनी ठिपक्यांच्या डिजिटल नक्षीचा. १९६२ च्या जवानाच्या हातात इन्सास रायफल दिली आहे. ती आपल्या सैन्यात आली नव्वदच्या दशकात. चौथ्याच्या, म्हणजे कारगिलच्या जवानाच्या हातातली इन्सास तेवढी बरोबर आहे.

रंगवणाऱ्या मुलाशी मी बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मोबाइलवर जवान शोधला की हेच फोटो येतात. आन् आम्हाले चौरस फुटानं पैसे भेटतात, शोधत बसलो तं मजुरी सुटत नाही." त्याचे म्हणणे मला पटले. त्याने पाहून काढावे असे काही आपण त्याच्यापुढे ठेवलेलेच नाही. या पत्राचा विषय तोच आहे.

कपड्याचे काय एवढे, भावना महत्त्वाची, असे मला एका परिचितांनी ऐकवले. मला ते मुळीच मान्य नाही. १९६२ च्या हिवाळ्यात नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, डोंगरांत आपले किती तरी जवान सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून उभे होते, हातात बोल्ट ओढून एकेक गोळी झाडायची थ्री-नॉट-थ्री. त्यांच्या हौतात्म्यात त्या सुती कपड्यांचा आणि त्या जुन्या रायफलींचा वाटा आहे. त्यांना आजचा गणवेश चढवला की त्यांनी काय सोसले तेच चित्रातून पुसले जाते. शाळेतल्या पोरांना वाटणार, आपल्या सैन्याकडे तेव्हाही सगळे होते. मग आपण हरलो कसे, हा प्रश्न त्यांना पडणारच नाही. भावना भावना म्हणतो ती कशाला चिकटलेली असते? त्या बुटांनाच ना?

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. माहेर कामठीचे. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी वसलेली ती छावणी, आणि छावणीच्या आसऱ्याने जगणारे शिंपी, परीट, चर्मकार, बँडवाले. माझे बाबा लष्करी शिंपी होते. शाळा सुटली की मी दुकानात बसायची आणि कापडावर खुणा करायच्या खडूने फरशीवर चित्रे काढायची. त्यांनी मला कधी रागावले नाही, फक्त बसल्या जागेवरून सुधारणा सांगायचे. "पोरी, चेहरा मंग काढजो. आधी खिशाचं झाकण पाह्य, टोकदार हाये का सरळ." अधिकाऱ्याच्या कोटाचा खिसा आणि जवानाच्या शर्टाचा खिसा यांत फरक असतो, बाहीवरच्या फिती कोपरापासून किती वर शिवायच्या याला माप असते, इस्त्रीची घडी फितीच्या मधोमध यायला हवी, हे सगळे मी खडू हातात धरून शिकले. पुढे एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका केली, शाळेत नोकरी केली आणि सुट्ट्यांमध्ये, रात्री, जसा वेळ मिळेल तशी गणवेशांची चित्रे काढत राहिले. माजी सैनिकांच्या घरांसाठी काढली, मेसच्या भिंतींसाठी काढली, बरीचशी स्वतःसाठीच काढली.

हे काम वरून सोपे दिसते. व्यक्तिचित्रात नाक थोडे चुकले तर चित्रकाराची शैली म्हणून खपते. गणवेशाच्या चित्रात बटण चुकले की साल चुकते. दोन-चार गोष्टी सांगते. पायाला गुंडाळायची पट्टी पायदळाचा शिपाई घोट्यापासून वर गुंडाळीत नेतो, तिचे टोक गुडघ्याखाली येते. घोडदळातला स्वार ती गुडघ्यापासून खाली आणतो, टोक घोट्याशी. उभ्या शिपायाच्या पायांकडे पाहून तो कशावर बसत होता ते कळते. १९५० पूर्वीच्या मेजरच्या खांद्यावर ब्रिटिश मुकुट आहे, नंतरच्या मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह. एक तारा आणि लाल-पिवळी पट्टी लावणारा नायब सुभेदार १९६५ पर्यंत जमादार म्हणवला जायचा, तेव्हा १९६२ च्या चित्राखाली 'नायब सुभेदार' असे लिहिणेही चूकच. आणि २०२३ च्या ऑगस्टपासून ब्रिगेडियर व त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश सर्व रेजिमेंटांना एकसारखा झाला, खांद्यावरची रेजिमेंटची दोरी गेली. आज काढलेले चित्रसुद्धा तारीख घातली नाही तर दहा वर्षांनी कोणाला तरी बुचकळ्यात टाकील.

जुन्या फोटोंवर विसंबावे तर तेही सरळ बोलत नाहीत. पहिल्या महायुद्धाआधी ज्या काचांवर फोटो निघत त्यांना लाल रंग दिसतच नसे. भडक लाल कोट जवळजवळ काळा उतरायचा आणि निळा रंग फिका पडायचा. अशा फोटोवरून अंदाजाने रंग भरणारा माणूस लाल पलटणीला काळी करून ठेवतो. आजकाल मोबाइलवर क्षणात जुने फोटो रंगीत करून मिळतात, घराघरांत लोक आजोबांचे फोटो तसे करून घेतात आणि आनंदाने फ्रेम करतात. त्यांचा आनंद मला समजतो. पण यंत्राने त्या कोटावर घातलेला रंग आजोबांचा नव्हे, एवढे त्यांना कोणी तरी सांगायला हवे.

आता एका ट्रंकेची गोष्ट सांगते. साताऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीमुळे नागपुरात आलेले एक कुटुंब आहे. त्या घरच्या सूनबाई माझ्याकडे सासऱ्यांचा फोटो घेऊन आल्या. सासरे मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात बर्माला लढले, असे घरात सगळे सांगत. त्यांचे मोठे रंगीत चित्र करून हवे होते, पाठीमागे बर्माचे जंगल. फोटो स्टुडिओतला, कृष्णधवल, छातीवर पदकांच्या रिबिनींची एक ओळ. मी भिंग लावले. पहिली रिबीन तीन सारख्या पट्ट्यांची : गडद, मध्यम, फिकी. ती सोपी, १९३९-४५ चा स्टार, गडद निळा, लाल आणि आकाशी. दुसरीत पाच सारखे पट्टे होते आणि त्यांतले दोन अगदी पांढरे. मी थबकले. बर्मा स्टारच्या रिबिनीत पांढरा रंग नाही. ती गडद निळी, मधोमध रुंद लाल आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघा अशी असते. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशी रिबीन इटली स्टारची.

मी सूनबाईंना विचारले, घरात काही कपडा आहे का? त्या म्हणाल्या, माळ्यावर ट्रंक आहे, पण त्यात कसरीने खाल्लेली घोंगडीच असेल. ट्रंक उघडली तर खाली खाकी लोकरीचा आखूड कोट निघाला, कमरेशी पट्टा आणि बकल असलेला. हा बॅटलड्रेस. बर्माच्या जंगलात आपली माणसे हिरव्या सुती कपड्यांत होती, हा जाड लोकरी कोट थंड मुलखातला. खांद्याजवळ लाल कापडाचा तुकडा अर्धवट उसवून लोंबत होता, त्यावर पिवळ्या रंगात क्लोव्हरची पाने. आठव्या भारतीय डिव्हिजनची ती खूण, आणि ही डिव्हिजन १९४३ पासून इटलीत लढत होती. बाहीवर फिती नव्हत्या, पण फिती होत्या तिथले कापड उरलेल्या बाहीपेक्षा गडद राहिले होते आणि सुईची भोके ओळीने दिसत होती. दोन फिती, म्हणजे नाईक. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली डिस्चार्जची पुस्तिका होती. तीत सीएमएफ ही तीन अक्षरे होती : सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स.

म्हातारबाबा बर्माला गेलेच नव्हते. ते इटलीत लढले होते. त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. जाधवांची पलटण आठव्या डिव्हिजनमध्येच होती. मुलखाचे नाव घरात कसे बदलले कोण जाणे, बहुधा 'लढाईत होते' आणि 'बर्मात होते' हे त्या काळी एकाच दमात बोलले जायचे. मी चित्र काढले ते नदीच्या बांधाचे, चिखलाचे, लोकरी कोटाचे. सूनबाई त्या कोटाच्या बाहीवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या होत्या. मोबाइलवरचा जवान भिंतीवर उतरवून हे कधीच उलगडले नसते.

वेळेत काढून ठेवलेल्या चित्राची किंमत काय असते, हे पाहायचे तर आल्फ्रेड क्राउडी लव्हेट यांचे काम पाहावे. लव्हेट (१८६२-१९१९) ब्रिटिश सैन्यातले नोकरदार अधिकारी. त्यांनी हिंदुस्थानी पलटणींतले शिपाई, स्वार, सुभेदार समोर ठेवून रंगवले. त्यातली ७२ चित्रे १९११ मध्ये 'द आर्मीज ऑफ इंडिया' या पुस्तकात छापली गेली. मजकूर मॅकमन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा. कोणती जात लढवय्यी आणि कोणती नाही, याचा साहेबी निवाडा त्यात पानोपानी आहे आणि तो वाचून आजही संताप येतो. पण चित्रांपाशी आले की वेगळाच माणूस भेटतो. पागोट्याचा प्रत्येक वेढा कुठून निघतो आणि कुठे खोचला जातो हे त्याने नीट पाहिले आहे. शीख, डोगरा, मराठा, पठाण यांचे फेटे बांधायचे ढंग त्याने एकमेकांत मिसळू दिलेले नाहीत. माणूस उभा राहताना वजन कोणत्या पायावर टाकतो हेसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची, लव्हेटचा फेटा पाहा आणि मग तो स्वतःच्या हाताने बांधून पाहा. जमतो.

पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांत युद्ध पेटले. लव्हेट स्वतः १९१४ मध्ये ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली पलटण घेऊन फ्रान्सला गेले आणि त्यांनी रंगवलेल्या पलटणींपैकी कित्येक फ्रान्स-मेसोपोटेमियाच्या खंदकांत उतरल्या. परत आल्या तेव्हा सगळीकडे खाकीच उरली होती. १९२२ मध्ये फेररचना झाली, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे आपल्या मराठा पलटणींचे जुने क्रमांक गेले आणि त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. लव्हेटने दहा वर्षे उशीर केला असता तर ते कोट, ते कमरबंद, ते फेटे रंगासकट पाहून काढायला कोणी उरले नसते.

याच कामाला आयुष्य वाहिलेली आणखीही माणसे आहेत. जर्मनीतले रिखार्ड क्नोटेल (१८५७-१९१४) यांनी युरोपभरच्या सैन्यांच्या गणवेशांची हजाराहून अधिक चित्रे केली आणि ती कोणालाही विकत घेता यावीत म्हणून सुट्या पानांच्या मालिकेत काढली. अँगस मॅकब्राइड (१९३१-२००७) लंडनमध्ये जन्मले, लहानपणीच पोरके झाले, चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेच नाही. मुलांच्या ज्ञानमासिकांसाठी चित्रे काढता काढता ते जगातले सर्वांत नावाजलेले सैनिक-चित्रकार झाले, आणि केपटाऊनला बसून ऑस्प्रे प्रकाशनाच्या छोट्या पुस्तिकांसाठी तीस वर्षे रंगवत राहिले. त्या पुस्तिकांची पद्धत मला फार आवडते. अठ्ठेचाळीस पाने, आठ रंगीत चित्रे, आणि शेवटी प्रत्येक आकृतीबद्दल टीप : हा कोट अमुक संग्रहालयातल्या कोटावरून, हा पट्टा अमुक फोटोवरून, हा रंग अमुक पत्रातल्या वर्णनावरून. चित्राने स्वतःचा पुरावा सोबत आणायचा. आपल्याकडे शूरांची चित्रे पोत्याने निघतात, पण अशी एक ओळ कोणी खाली लिहीत नाही.

हा काही फक्त साहेबांचा उद्योग नव्हता. दिल्लीच्या गुलाम अली खान यांनी १८२७ मध्ये कर्नल स्किनरच्या रेजिमेंटचा दरबार रंगवला. त्यातले पिवळ्या कोटातले स्वार आजही रंगासकट वाचता येतात. त्याच्याही आधी, १६८० च्या सुमारास, मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराने मनुची या व्हेनिसच्या प्रवाशासाठी घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज रंगवले आणि त्यांच्याबरोबर चालणारे पायदळाचे लोकही. ते चित्र पॅरिसमध्ये आहे. मावळा रंगवणाऱ्या प्रत्येकाने त्या पायी चालणाऱ्या माणसांचे कपडे आधी पाहावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे. आमचे मावळे हल्ली नाटकाच्या कपडेपटातून निघाल्यासारखे दिसतात.

आणि नागपूरला तर या विषयासाठी बाहेर कुठे जायलाच नको. सीताबर्डीची टेकडी घ्या. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला तिथे आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण इंग्रजांच्या बाजूने टेकडीवर उभे होते ते मद्रासचे शिपाई, आणि त्यांतल्या एका पलटणीची कथा एका पगडीशी जोडलेली आहे. १८०५-०६ मध्ये मद्रास सैन्यात नव्या घाटाची पगडी आली, तिच्यावर चामड्याचा तुरा होता. कपाळी गंध लावायचे नाही, दाढी काढायची, असेही हुकूम निघाले. हिंदू-मुसलमान दोघेही दुखावले आणि १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. बंड चिरडल्यावर पहिल्या रेजिमेंटच्या पलटणीचा क्रमांक सैन्याच्या यादीतून पुसला गेला, उरलेल्या शिपायांना २४ वा क्रमांक मिळाला. अकरा वर्षांनी हीच पलटण सीताबर्डीवर लढली, आणि त्या लढाईबद्दल तिला जुना, पहिला क्रमांक परत दिला गेला. परक्या सरकारसाठी आपल्याच लोकांशी लढून मिळवलेला तो मान होता, हे वाचताना जीव कसनुसा होतो. तरी गोष्ट आपल्या टेकडीवरची आहे आणि ती कपड्यापासून सुरू होते. २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा हजारो माणसे वर जातात. त्यांना तिथे उभ्या असलेल्या भोसल्यांच्या फौजेतल्या अरब शिपायाचा आणि मद्रासी शिपायाचा पोशाख दाखवणारी दोन खरी चित्रे पाहायला मिळाली तर किती बरे होईल.

महार रेजिमेंटचेही तसेच. ती ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण आमच्या कामठीत. रेजिमेंटचा पहिला बिल्ला याच दुसऱ्या पलटणीतल्या कॅप्टन मॉर्टलमन्स यांनी रेखाटला. त्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ ला मशीनगन रेजिमेंट झाल्यावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. विदर्भातल्या किती घरांत तो स्तंभाचा जुना बिल्ला असेल! तो कोणत्या टोपीला, कोणत्या बाजूला लावला होता हे सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. मी ऐकत आले आहे की हा बिल्ला पाहून म्हाताऱ्या आया आपल्या मुलांना इतिहास सांगत. त्याचे एक मोठे, नेमके चित्र कामठीत कुठल्याही सार्वजनिक जागी मला आजवर दिसलेले नाही.

चित्र काढता येणाऱ्या माणसाचे सैन्यात काय काम, असे विचारणाऱ्यांना मी सावित्री खानोलकरांचे नाव सांगते. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेली ही मुलगी, विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी परमवीर चक्राचे रेखाटन तिच्यावर सोपवले. इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा, मधोमध राजमुद्रा, वर जांभळी रिबीन. सव्वा इंचाहून थोड्याच मोठ्या त्या काशाच्या चकतीत तिने दधीची ऋषींचे दान बसवले. कागदावर पेन्सिल चालवणाऱ्या हाताने सैन्याला काय देता येते, याला आणखी कोणता दाखला हवा?

२०२५ मध्ये रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने घेतली आणि ती परत आली. नागपूरकर म्हणून माझा ऊर भरून आला. अशी तलवार एकच असते आणि तिला पाहायला गर्दी होते. ज्यांनी सेनासाहेब सुभ्याच्या, म्हणजे रघुजीराजांच्या, मागे घोडे घातले त्या हजारोंचे अंगरखे, पागोटी, जोडे कोण आणणार? ते लिलावात येत नाहीत. ते फक्त चित्रात आणि कागदात सापडतात, आणि शोधून, ताडून पाहून नव्याने काढावे लागतात.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. आपल्याकडे १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे नागपूरचे संग्रहालय, आहे आणि त्यात शस्त्रांचे दालन आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. या तिघांनी मिळून नागपूर आणि विदर्भातल्या सैनिकांची एक चित्रमाला करावी. भोसल्यांचा स्वार, सीताबर्डीचा शिपाई, १९४१ चा महार जवान, १९६२ चा, १९७१ चा, आजचा. प्रत्येक चित्राखाली साल, हुद्दा आणि कशावरून काढले त्याची टीप. ती चित्रे कोणालाही फुकट उतरवून घेता यावीत, म्हणजे चौरस फुटावर राबणाऱ्या त्या मुलाला मोबाइल उघडताच योग्य जवान सापडेल. महाविद्यालयातल्या पोरांना यातून जे शिकायला मिळेल ते वर्षभराच्या स्थिरचित्रांतून मिळणार नाही. माझ्याकडची चित्रे, कात्रणे आणि बाबांच्या दुकानातली मापांची वही मी या कामाला द्यायला तयार आहे.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. विजय दिनाच्या किंवा लष्कर दिनाच्या पुरवणीत फोटो छापताना तो कधीचा आहे ते एका ओळीत द्यावे. चित्र असेल तर चित्रकाराचे नाव द्यावे.

आणि ज्यांच्या घरी ट्रंका आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. कोट धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, धुण्यात रंगही जातो आणि उसवलेल्या फितीची खूणही. पितळी बिल्ला पॉलिशने घासून चमकवू नका, घासता घासता त्यावरची अक्षरे आणि मुकुटाची टोके झिजतात आणि त्यावरूनच तर साल ओळखायचे असते. विटलेली रिबीन काढून बाजारातली नवी लावू नका. फोटोच्या पाठीवर नाव, गाव, पलटण लिहा, पण पेन्सिलीने, हलक्या हाताने, शाई पुढे उमटते. वाळवीचा मुलूख आहे आपला, तेव्हा ट्रंक जमिनीवरून उचलून विटांवर ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत खाकी चिंध्या म्हणून भंगारात काही घालण्याआधी एकदा खिसे तपासा आणि कॉलरच्या आत पाहा, तिथे धोब्याची खूण किंवा शिपायाचा नंबर असतो. ज्यांना दाखवायचे असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे, मी घरी येऊन पाहीन आणि जागेवरच रेखाटन करून घेईन. वस्तू घरातून हलवायची गरज नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
मानेवाडा, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)